आरशापासून सुरुवात: भौमितिक बीजगणिताने परावर्तन, परिवलन आणि सममिती हाताळण्याची रीत

परिवलन म्हटलं की डोळ्यांसमोर अक्ष आणि कोन येतो, नाहीतर नऊ आकड्यांची मॅट्रिक्स. या लेखात दोन्ही जरा बाजूला ठेवू. भौमितिक बीजगणित म्हणजे सदिशांचा थेट गुणाकार करू देणारं बीजगणित; त्याच्याकडे बघण्याची सर्वांत सोपी वाट माझ्या मते आरशातून जाते. आरसा ही मूळ क्रिया. फिरवणं म्हणजे दोन आरसे, सरकवणं म्हणजे तेही दोन आरसे, पण समांतर. हे एकदा अंगवळणी पडलं की पाठ करण्यासारखं फारसं काही उरत नाही.

वही-पेन घेऊन बसा. सदिश, त्यांची बेरीज, साइन-कोसाइन एवढं येत असेल तर पुरे. खालची प्रत्येक आकडेमोड हाताने करून पाहिली तरच लेखाचा उपयोग होईल. नुसती वाचली तर चिन्हं डोळ्यांवरून घसरून जातात.

सदिशांचा गुणाकार: एकच अट

एकमेकांना लंब असलेले एकक सदिश घेऊ: स१, स२ आणि त्रिमितीत स३. दोन सदिशांचा असा गुणाकार हवा आहे की कंस नेहमीसारखे सोडवता येतील, आणि कोणत्याही सदिशाला त्याच सदिशाने गुणलं तर त्याच्या लांबीचा वर्ग मिळेल. बस्स, एवढीच अट. म्हणजे स१स१ = १, स२स२ = १.

आता ३स१ + ४स२ या सदिशाला त्यानेच गुणा. कंस सोडवल्यावर ९ + १६ + १२(स१स२ + स२स१) येतं. पायथागोरसनुसार लांबीचा वर्ग २५, म्हणून कंसातली बेरीज शून्य व्हायलाच हवी. थोडक्यात, स१स२ = −स२स१. लंब सदिशांची अदलाबदल केली की चिन्ह बदलतं. हा नियम कुणी वरून लादलेला नाही, पायथागोरसनेच तो आपल्या गळ्यात घातला आहे.

आता क = ३स१ + ४स२ आणि ख = २स१ + स२ यांचा गुणाकार करू:

कख = ६ + ३स१स२ + ८स२स१ + ४ = १० − ५स१स२

पहिला भाग १० हा नेहमीचा अदिश गुणाकार. दुसऱ्या भागातला ५ हे त्या दोन सदिशांवर उभ्या राहणाऱ्या समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ. ते ऋण का? क कडून ख कडे जाताना आपण घड्याळाच्या दिशेने वळतो म्हणून. स१स२ या वस्तूला द्विसदिश म्हणतात. सदिश हा दिशा असलेला रेषेचा तुकडा, तर द्विसदिश हा वळण्याची दिशा असलेला प्रतलाचा तुकडा. संख्या आणि प्रतलाचा तुकडा यांची बेरीज कशी काय करायची, हा प्रश्न इथे हटकून पडतो. संमिश्र संख्येत वास्तव आणि काल्पनिक भाग शेजारी शेजारी नांदतात, तसंच हेही. ती तुलना वरवरची नाही, कारण (स१स२)(स१स२) = −स१स१स२स२ = −१. म्हणजे −१ चं वर्गमूळ इथे आपोआप, एका खऱ्याखुऱ्या प्रतलाच्या रूपात हाती येतं.

या गुणाकाराचा आणखी एक लाभ असा की सदिशाने भागता येतं. वरच्या क चा व्यस्त म्हणजे क/२५. अदिश गुणाकार किंवा नेहमीचा सदिश गुणाकार वापरून असं भागता येत नाही, कारण त्या दोघांकडे अर्धी अर्धीच माहिती असते.

हे सगळं एका जागी आणलं विल्यम किंग्डन क्लिफर्ड यांनी, १८७८ मध्ये. त्याआधी १८४३ मध्ये हॅमिल्टन यांना क्वाटर्निअन (त्रिमितीतली वळणं दाखवणाऱ्या चार भागांच्या संख्या) सुचले होते आणि १८४४ मध्ये हर्मान ग्रासमान यांचा विस्ताराचा सिद्धान्त प्रसिद्ध झाला होता. क्लिफर्ड यांनी दोन्हींची सांगड घातली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी ते वारले. ग्रासमान यांच्या गणिताकडे त्यांच्या हयातीत कुणी फारसं वळून पाहिलं नाही. शेवटी ते संस्कृतकडे वळले आणि त्यांनी ऋग्वेदाचा जर्मन कोश रचला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेव्हिड हेस्टेनिस यांनी हे बीजगणित भौतिकशास्त्रासाठी पुन्हा बाहेर काढलं.

आरसा कसा लिहायचा

आरसा ओळखायला त्याच्यावर लंब असणारा एक सदिश पुरतो. त्याला न म्हणू, लांबी १. मग कोणत्याही सदिशाचं, समजा व चं, प्रतिबिंब असं मिळतं:

व चं प्रतिबिंब = −नवन

हे सूत्र पाठ करू नका, तपासा. व चे दोन भाग पाडा. जो भाग न ला समांतर आहे तो न शी बिनतक्रार जागा बदलतो, त्यामुळे −नवन = −वनन = −व. आरशाच्या आरपार जाणारा भाग उलटला. जो भाग न ला लंब आहे, म्हणजे आरशाच्या पृष्ठभागात आहे, तो जागा बदलताना चिन्हही बदलतो, म्हणून −नवन = +वनन = व. तो जसाच्या तसा राहिला. आरसा नेमकं हेच करतो.

दोन्ही बाजूंनी तेच लावायचं आणि मधल्याला झाकायचं, म्हणून मी याला संपुट म्हणतो. इंग्रजीत याला सँडविच म्हणतात, पण संपुट हा शब्द अधिक नेमका वाटतो.

उदाहरण घेऊ. स१ आणि स२ यांच्या बरोबर मधून जाणारी ४५ अंशांची रेषा हा आरसा. तिला लंब सदिश स१ − स२. याची लांबी १ नाही, वर्ग २ आहे. एकक करण्यासाठी √२ ने भागत बसण्यापेक्षा शेवटी एकदाच २ ने भागा. पूर्णांकांत काम होतं आणि चुका कमी होतात. व = ३स१ + स२ घ्या.

(स१ − स२)(३स१ + स२) = ३ + स१स२ − ३स२स१ − १ = २ + ४स१स२

(२ + ४स१स२)(स१ − स२) = २स१ − २स२ − ४स२ − ४स१ = −२स१ − ६स२

२ ने भागा, चिन्ह बदला: स१ + ३स२. दोन घटकांची अदलाबदल झाली, ४५ अंशांच्या आरशात होते तशीच.

न आणि −न हे दोन्ही एकच आरसा दाखवतात हेही इथेच टिपून ठेवा. संपुटात न दोनदा येतो, त्यामुळे चिन्ह मिटून जातं. पुढे ही बारकी गोष्ट बराच त्रास देणार आहे.

दोन आरसे म्हणजे वळण

आधी न या आरशात पाहा, मग त्या प्रतिबिंबाकडे म या आरशात. दोन ऋण चिन्हं एकमेकांना खातात आणि उरतं (मन)व(नम). मन या गुणाकाराला रोटर म्हणतात, र असं लिहू. नम म्हणजे त्यातला क्रम उलटवलेला, तो र*. मग वळलेला सदिश = रवर*.

वळण किती? दोन आरशांमध्ये जेवढा कोन, त्याच्या दुप्पट. न = स१ आणि म = (स१ + स२)/√२ घ्या; मधला कोन ४५ अंश. र = मन = (१ − स१स२)/√२. आता स१ फिरवू:

(१ − स१स२)स१ = स१ + स२

(स१ + स२)(१ + स१स२) = स१ + स२ + स२ − स१ = २स२

दोन √२ मिळून २, त्याने भागलं की स२. म्हणजे ९० अंश, स१ कडून स२ कडे.

एकूण थ अंश फिरवायचं असेल तर सर्वसाधारण रोटर असा: र = कोसाइन(थ/२) − द × साइन(थ/२). इथे द हा ज्या प्रतलात फिरायचं त्याचा एकक द्विसदिश. तो अर्धा कोन कुठून आला हे क्वाटर्निअन शिकताना सहसा कुणी सांगत नाही. तो आरशांमधला कोन आहे. मी सुरुवातीला कित्येक दिवस सूत्रात पूर्ण कोन टाकत होतो आणि सगळं दुप्पट का फिरतंय म्हणून प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होतो.

याच्याच जोडीला एक फार उपयोगी सूत्र: एकक सदिश क ला थेट ख वर नेणारा रोटर हवा असेल तर १ + खक काढा आणि त्याची लांबी १ करा. कोन काढायला नको, अक्ष काढायला नको, साइन-कोसाइनही नको. पडताळा म्हणून क = स१, ख = स२ घ्या; १ + स२स१ = १ − स१स२, वरचाच रोटर. अपवाद एकच: क आणि ख परस्परविरुद्ध असले तर बेरीज शून्य होते. ते बरोबरच आहे, कारण १८० अंश वळताना कोणत्या प्रतलातून जायचं हे ठरलेलंच नसतं. प्रोग्रॅममध्ये ही शक्यता वेगळी हाताळा, नाहीतर शून्याने भागाकार होईल.

त्रिमितीत वळणांची बेरीज

द्विमितीत सगळी वळणं एकाच प्रतलात होतात. त्रिमितीत मात्र एकामागून एक दोन वळणं घेतली तर शेवटी काय होतं, हे नुसत्या अंदाजाने सांगता येत नाही. आधी स१स२ प्रतलात ९० अंश, मग स२स३ प्रतलात ९० अंश. रोटरांचा गुणाकार करायचा, नंतरचा डावीकडे:

र = १/२ × (१ − स२स३)(१ − स१स२) = १/२ × (१ − स१स२ − स२स३ + स२स३स१स२)

शेवटच्या पदात उजवीकडचा स२ दोन उड्या मारून पुढे आणा. दोनदा चिन्ह बदललं म्हणजे बदललंच नाही, आणि स२स२ = १, म्हणून ते पद स३स१. एकूण र = १/२ × (१ − स१स२ − स२स३ + स३स१).

आता उत्तर वाचा. अदिश भाग १/२, म्हणजे अर्धा कोन ६० आणि पूर्ण कोन १२० अंश. द्विसदिश भागावरून अक्ष, म्हणजे वळणाच्या प्रतलाला लंब रेषा, (१, −१, १) या दिशेने येतो. हा घनाचा कर्ण आहे. घनाच्या तोंडांना धरून दोन पाव-फेऱ्या घेतल्या की कर्णाभोवतीची एक तृतीयांश फेरी मिळते. कागदाचा घन करून खात्री करून घ्या. क्रम उलटवला तर कोन तोच राहतो, पण अक्ष (१, १, १) होतो.

हॅमिल्टन यांचे तीन काल्पनिक एकक म्हणजे याच तीन प्रतलांचे द्विसदिश, फक्त चिन्ह बदललेले. म्हणून गेम किंवा रोबॉटच्या प्रोग्रॅममध्ये तयार क्वाटर्निअन असतील तर तुम्ही आधीपासून रोटरच वापरताय.

मॅट्रिक्स की रोटर, असा प्रश्न येतोच. वळणं जोडायची असतील तर रोटर: चार आकडे, १६ गुणाकार; मॅट्रिक्सला नऊ आकडे आणि २७ गुणाकार. आकडेमोडीतल्या बारीक चुका साचत गेल्या तर रोटरला त्याच्या लांबीने भागलं की तो पुन्हा शुद्ध होतो. मॅट्रिक्स सरळ करणं किचकट. पण एकाच वळणाने लाखो बिंदू फिरवायचे असतील तर रोटरवरून एकदा मॅट्रिक्स करा आणि तीच वापरा. इथे अभिमान बाळगण्यात अर्थ नाही.

एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत हळूहळू जायचं असेल तर दुसरा रोटर गुणिले पहिल्याचा उलटा, हा फरक काढा. त्यातून कोन आणि द मिळवा, आणि कोनाचा हवा तेवढा अंश घेऊन रोटर बनवा. पण त्याआधी फरकाचा अदिश भाग तपासा. तो ऋण असेल तर फरकाचं चिन्ह बदला. कारण र आणि −र हे एकच वळण देतात. ३६० अंशांचा रोटर −१ असतो आणि तो १ व्हायला ७२० अंश लागतात. ही तपासणी विसरलात तर आकृती जवळच्या वाटेऐवजी लांबचा वळसा घेते. माझ्या एका ॲनिमेशनमध्ये कॅमेरा दहा अंशांसाठी साडेतीनशे अंश फिरला होता.

तीन लंब आरसे

स१, स२, स३ या तिन्ही आरशांत ओळीने पाहिलं तर व चा −व होतो. दिशा पूर्ण उलटते. कोपऱ्यात एकमेकांना लंब लावलेल्या तीन आरशांवर प्रकाश कुठूनही आला तरी आल्या दिशेने परत जातो, तो यामुळेच. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर अशा १०० कोपऱ्यांची ताटली ठेवली. तिच्यावर लेझर सोडून चंद्राचं अंतर आजही मोजतात. तीन हा आकडा विषम असल्याने डावं-उजवंही बदलतं. विषम आरसे हाताचा पंजा उलटवतात, सम आरसे कधीच नाही. संपुटाचं चिन्हही यावरच ठरतं: सम असेल तर +, विषम असेल तर −.

सममितीची यादी करणं

एका टोकाला जोडलेले, ६० अंशांवर उघडलेले दोन आरसे घ्या. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१७ मध्ये पेटंट घेतलेला कॅलिडोस्कोप मुळात हाच. आरशांचे सदिश अ आणि ब. बअ हा १२० अंशांचा रोटर, तो तीनदा लावला की पूर्ण फेरी. वेगळ्या क्रिया मोजा: काहीच न करणं, अ, ब, अब, बअ, अबअ. सहा. समभुज त्रिकोणाच्या सममिती तेवढ्याच.

त्रिमितीत तीन आरसे लागतात. घनासाठी अ = स१ − स२, ब = स२ − स३, ग = स३. अ आणि ब च्या आरशांत ६० अंश, ब आणि ग मध्ये ४५, अ आणि ग मध्ये ९०. आता प्रोग्रॅम लिहा. तिन्ही सदिश एकक करा. यादीत फक्त १ ठेवा. यादीतल्या प्रत्येकाला अ, ब, ग ने गुणा. उत्तर नवं असेल तर यादीत घाला. नवं काही मिळेनासं होईपर्यंत चालू ठेवा. ‘नवं’ ठरवताना दोन गोष्टी सांभाळा: उत्तर आणि त्याचं ऋण हे एकच धरा, आणि दशांशांची तुलना थोडी ढील ठेवून करा. यादी ४८ वर थांबायला हवी. ९६ आले तर ऋण चिन्हाची अट विसरली आहे. यादी थांबतच नसेल तर तुलना फार काटेकोर आहे किंवा सदिश एकक नाहीत. ४८ पैकी सम आरशांचे २४ म्हणजे घनाची वळणं.

आता फक्त ग बदलून स१ + स२ करा. यादी २४ वर थांबते, हा चतुष्फलक. ब आणि ग मधला कोन ३६ अंश केला, बाकी दोन तसेच ठेवले, तर १२०. हा वीस तोंडांचा विंशतिफलक.

सरकवणं आणि शून्य वर्गाचा सदिश

आतापर्यंतचे आरसे मूळबिंदूतून जाणारे होते. तसं नसेल तर आणखी एक सदिश घ्या, स०. तो बाकीच्यांना लंब, पण स०स० = ०. मग द्विमितीत क्ष = १ ही उभी रेषा स१ − स० अशी लिहायची, क्ष = ३ ही स१ − ३स०. दोन समांतर आरसे, आधी क्ष = ०, मग क्ष = १:

(स१ − स०)स१ = १ − स०स१

ही क्रिया सगळं २ ने उजवीकडे सरकवते, आरशांतल्या अंतराच्या दुप्पट. स०स१ चा वर्ग शून्य असल्याने ती दोनदा केली तर १ − २स०स१ येतं, म्हणजे ४ ने सरकणं. सरकण्याची बेरीज गुणाकारातून साधली. वर्ग −१ असलेल्या द्विसदिशातून वळणं मिळतात, शून्य असलेल्यातून सरकणं. वर्ग +१ असलेले द्विसदिश सापेक्षतावादात वेगबदलासाठी येतात, पण तो स्वतंत्र विषय आहे.

बिंदू म्हणजे दोन लंब रेषांचा गुणाकार. (३, २) हा बिंदू (स१ − ३स०)(स२ − २स०) = स१स२ + २स०स१ − ३स०स२. त्याचं प्रतिबिंब हवं असेल तर यालाही संपुटात घाला आणि शेवटी स१स२ च्या सहगुणकाने भागा. क्ष = १ या आरशात (−१, २) यायला हवं; करून पाहा. आकडे बरोबर पण चिन्हं सगळी उलटी आली तर घाबरू नका, तो भागाकार राहिलाय.

मग तीन रेषा घ्या: स२, स१ − स०, आणि −१/२ × स१ + √३/२ × स२. यांचा त्रिकोण ३०, ६०, ९० अंशांचा. वरचाच प्रोग्रॅम यावर चालवा. या वेळी यादी थांबणार नाही, आणि तीच बरोबर खूण आहे: तिन्ही कोन मिळून १८० झाल्याने आरसे चेंडूवर बसत नाहीत, सपाट पसरतात, आणि गुणाकारांत सरकणं डोकावू लागतं. पडद्याबाहेर नेणाऱ्या क्रिया यादीतून वगळण्याची अट घाला, त्रिकोणात एखादी वाकडीतिकडी खूण काढा आणि उरलेली प्रत्येक क्रिया त्या खुणेवर लावा. षटकोनी जाळी भरत जाईल. सपाट नक्षीच्या ज्या १७ सममिती शक्य आहेत त्यांतली ही एक.